लाख, बेकलाइट, एपॉक्सी : विजेला अडवणारी द्रव्ये

स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या दारांना जो गुळगुळीत तक्ता चिकटवतात त्याला आपण सरसकट सनमायका म्हणतो, कंपनी कुठलीही असो. मायका म्हणजे अभ्रक. त्या तक्त्यात अभ्रकाचा कणही नसतो. असतो तो रेझिनमध्ये भिजवून दाबाखाली भाजलेला कागद. अशाच तक्त्याचे अमेरिकेतले जुने नाव 'फॉर्मायका', आणि त्याचा जन्म सुतारकामासाठी नव्हे तर विजेच्या यंत्रांसाठी झाला. ओकॉनर आणि फेबर या वेस्टिंगहाऊसमधल्या दोघांनी नोकरी सोडून १९१३ साली तो धंदा काढला. 'फॉर मायका', म्हणजे अभ्रकाच्या जागी. घरातल्या फर्निचरवर हा तक्ता नंतर चढला.

अभ्रकाला पर्याय का हवा होता? त्या काळी यंत्रातल्या तारा एकमेकींपासून आणि लोखंडापासून वेगळ्या ठेवायला अभ्रकाचे पापुद्रे वापरत आणि ते चिकटवायला लाख. दोन्ही माल मुख्यतः हिंदुस्थानातून जाई. लाख छोटा नागपूरच्या पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवरच्या किड्यांची. लाख उत्तम निरोधक खरी, पण तापली की मऊ होते आणि आणखी तापली की पेटते. वारणावताला लाक्षागृह बांधणाऱ्या पुरोचनाला हा गुण पुरेपूर ठाऊक होता. विजेचे यंत्र तर चालता चालता तापणारच.

लाखेला पर्याय शोधायला निघालेल्यांपैकी लिओ बेकलंड हा बेल्जियममध्ये जन्मलेला रसायनज्ञ यशस्वी झाला. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड एकत्र तापवले की चिकट गोळा होतो, हे बायरने १८७२ मध्येच पाहिले होते. पण अभिक्रियेत पाणी सुटते, त्याची वाफ होते आणि माल फसफसून जाळीदार होतो. बेकलंडने भांडे बंद करून दाब दिला. दाबाखाली बुडबुडा फुगत नाही. १९०७ साली त्याने या रीतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०९ मध्ये बेकलाइट जगापुढे ठेवले. हे उष्मादृढ द्रव्य. गुळाचा पाक पुन्हा तापवला की पुन्हा पातळ होतो. लाख त्या जातीची. भाजलेली भाकरी मात्र परत मळता येत नाही. उष्मादृढ रेझिनचे रेणू भाजताना एकमेकांशी बांधले जाऊन एकच जाळे होते, आणि ते उष्णतेने सुटत नाही, फार तापवल्यास फक्त जळते.

बेकलाइटची खोड मात्र जायची नव्हती. त्याच्या पृष्ठभागावर ठिणग्या उडत राहिल्या की कोळशाची रेघ उमटते आणि कोळसा वीज वाहून नेतो. म्हणजे निरोधकानेच फितुरी केली!

एपॉक्सी आले ते दातांच्या वाटेने. पिएर कास्तान हा स्विस रसायनज्ञ कवळीसाठी द्रव्य शोधत होता. घट्ट होताना आक्रसणारी कवळी कुणाच्या तोंडात बसणार? १९३८ साली त्याने पेटंटचा अर्ज केलेले रेझिन फारच थोडे आक्रसत असे. दंतवैद्यांपेक्षा बाझलच्या सीबा कंपनीला त्याचे मोल अधिक कळले आणि १९४६ मध्ये 'ॲराल्डाइट' बाजारात आले. त्याच दशकात अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली स्वतंत्रपणे याच रसायनशास्त्रात पुढे सरकला होता.

न आक्रसण्याइतकाच दुसरा गुण मोलाचा : एपॉक्सी घट्ट होताना पाणी सुटत नाही. पाणी नाही म्हणून वाफ नाही, वाफ नाही म्हणून तिची पोकळी नाही. उच्च दाबाच्या निरोधनात पोकळी हाच खरा शत्रू. एपॉक्सीची विद्युत-पारगम्यता हवेच्या सुमारे चौपट असते. त्यामुळे आतल्या चपट्या पोकळीतल्या हवेवर भोवतालच्या घन भागाच्या जवळजवळ चौपट ताण येतो. हवा बिचारी मिलिमीटरला साधारण ३ किलोव्होल्ट सोसणारी, एपॉक्सी त्याच्या कित्येक पट. जी दुबळी, तिच्यावरच बोजा. तिथे बारीक स्फुल्लिंग सुरू झाले की ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात ते सेकंदाला निदान १०० वेळा उडते. बाहेरून काही दिसत नाही, आत झाडाच्या फांद्यांसारखी भेग वाढत जाते आणि एखाद्या दिवशी आरपार होते. म्हणून ओतकाम निर्वात भांड्यात करतात. शिवाय रेझिन तांब्यापेक्षा तिप्पट-चौपट प्रसरण पावते, म्हणून तडे टाळायला त्यात गारेची पूड घालतात, वजनाने निम्म्याहून जास्त. आपण ज्याला एपॉक्सीचा ट्रान्सफॉर्मर म्हणतो, त्याच्या वेटोळ्यांवरचा तो ओतीव थर बराचसा दगडच असतो.

मी कॉलेजात शिकलेलो नाही. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात लेदरॉइड कागद कापत हे वाचायला लागलो. शेतीपंपाची जळलेली मोटार दुकानात आली की जुनी तार काढून, नवी भरून, वार्निश पाजून, भट्टीत भाजून चौथ्या दिवशी परत जाते. वार्निशही उष्मादृढच, पण पातळ. पेटवून किंवा तापवून ते सोडवता येते. त्या धुराबद्दल कुणी विचारत नाही, आणि आगीत लोखंडी पत्र्यांमधले निरोधन जळून मोटार पुढे जास्त वीज खाते, हेही शेतकऱ्याला कुणी सांगत नाही. एपॉक्सीत ओतलेल्या वेटोळ्याचे तेवढेही होत नाही. आत एक वेढा गेला की सगळे वेटोळे भंगारात, आणि त्यातले तांबे काढायला हातोडाच लागतो. तेलाची आग नको म्हणून इस्पितळांत हेच ट्रान्सफॉर्मर योग्य, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दुरुस्ती जाणणाऱ्या हातांना त्यात जागा उरत नाही.

२०११ साली पॅरिसमध्ये लुडविक लिबलर आणि सहकाऱ्यांनी व्हिट्रिमर प्रसिद्ध केले. त्यांच्या जाळ्यातले बंध तापवल्यावर जागा बदलतात, पण जाळे तुटत नाही. भाकरी पुन्हा मळता येण्याजोगी. निरोधनासाठी त्याचे प्रयोग चालू आहेत. अडचण कसोटीची आहे, असे मला वाटते. निरोधन वीस-पंचवीस वर्षे टिकेल का, हे वीस वर्षे थांबून पाहता येत नाही. म्हणून ते जास्त तापवून लवकर म्हातारे करतात आणि त्यावरून आयुष्य काढतात. ८ अंश वाढले की आयुष्य निम्मे, हा मॉन्टसिंगरचा १९३० चा ठोकताळा त्याच वाटेवरचा. पण ज्या द्रव्याचे बंध तापल्यावरच हलू लागतात, ते भट्टीत नुसते म्हातारे होत नाही. भट्टीत ते वेगळेच वागते. त्याच्यासाठी कसोटीच नवी बांधावी लागेल.