कांद्याच्या रानातील तण

कांद्याइतके आत्मरक्षणास असमर्थ असे दुसरे भाजीपीक क्वचितच असेल. टोमॅटो, वांगी, कोबी ही पिके एकदा फोफावली म्हणजे आपल्याच छायेखाली तण दडपून टाकतात. परंतु कांद्याची नळीसारखी उभी पात जमिनीवर सावली धरीत नाही, त्याची मुळे मातीच्या वरच्या थरातच राहतात, आणि लागणीनंतरचे पहिले दीड-दोन महिने त्याची वाढ इतकी मंद असते की वाफ्यातील पाणी, खत आणि ऊन या तिहींवर तणच आधी आपला अंमल बसविते.

१५ सेंटिमीटर अंतराच्या ओळींत १० सेंटिमीटरवर रोपे लावली, तर हेक्टरी साडेसहा लाखांहून अधिक रोपे बसतात. इतक्या दाटीत बैलाचे कोळपे घालण्याची सोय नाही. सायकल-कोळप्यासाठीही ओळी सरळ आणि काहीशा रुंद हव्यात, आणि सपाट वाफ्यातील हातलागणीत त्या तशा क्वचितच साधतात. म्हणून सारा भार खुरप्यावर येतो. डाव्या हाताने पात अलगद बाजूस सारावी, उजव्या हातातील खुरप्याचे टोक तणाच्या मुळाशी तिरपे घालावे, मुळासकट उपटून माती झटकावी, आणि बसल्या बसल्याच पुढे सरकावे; टोक किंचित घसरले तरी पोसू लागलेला कांदा चिरला जातो. हे कौशल्याचे काम ज्या स्त्रिया दिवसभर उकिडव्या बसून करतात, त्यांची गणना आपण अद्याप अकुशल मजुरांत करतो, हा अन्याय आहे. शिवाय उन्हाळ कांद्याची खुरपणी आणि निफाड-दिंडोरीकडील द्राक्षांची काढणी एकाच सुमारास येत असल्याने ऐन गरजेला मजूर मिळत नाहीत.

या निकडीतूनच तणनाशके रूढ झाली. राजगुरुनगर येथील कांदा-लसूण संशोधन संस्थेची शिफारस अशी की, लागणीच्या वेळी ऑक्सिफ्लोरफेन २३.५ टक्के ईसी लिटरला दीड ते दोन मिलिलिटर, अथवा पेंडीमिथॅलिन ३० टक्के ईसी साडेतीन ते चार मिलिलिटर या प्रमाणात फवारावे, आणि पुढे ४० ते ६० दिवसांच्या दरम्यान एक खुरपणी करावी. या शिफारशीचा उत्तरार्ध बहुधा विसरला जातो. पेंडीमिथॅलिन कोवळ्या मुळा-कोंबांतील पेशींचे विभाजन थांबविते, म्हणून उगवून वर आलेल्या तणावर त्याचा इलाज चालत नाही. जमीन ओलसर असावी आणि फवारणाऱ्याने मागे मागे सरकत जावे, म्हणजे मातीवरील औषधाचा थर पायांनी मोडत नाही. क्विझॅलोफॉप हे आणखी एक तणनाशक गवतवर्गीय तणांचा नायनाट करते आणि कांद्यास सोडून देते, कारण कांदा एकदल असला तरी गवताच्या कुळातील नव्हे.

परंतु लव्हाळा पेंडीमिथॅलिन व क्विझॅलोफॉप या दोन्ही औषधांना दाद देत नाही. तो दिसतो गवतासारखा, पण गवत नव्हे. त्याचे बळ भूमीखालील गाठींच्या साखळीत असते, आणि खुरप्याने वरचा शेंडा कापला की निद्रिस्त गाठी उलट अधिक फुटतात. त्याचा बंदोबस्त लागणीपूर्वीच, उन्हाळ्यात खोल नांगरट करून आणि गाठी उन्हात सुकवूनच करावा लागतो. हरळीच्या काश्याही त्याच वेळी वेचाव्यात.

तणनाशक वापरताना इतर पिकांचीही काळजी घ्यावी लागते. उसात वापरलेल्या २,४-डी या तणनाशकाचा अंश पंपात उरला, किंवा त्याचे बारीक तुषार वाऱ्याने शेजारच्या रानात गेले, तर टोमॅटोची व द्राक्षाची कोवळी पाने पिळवटतात. म्हणून तणनाशकाचा पंप स्वतंत्र ठेवावा, डब्यातील माहितीपत्रक फवारणीपूर्वी वाचावे, आणि ज्या दिवशी औषधाचे पैसे मोजाल त्याच दिवशी पुढील खुरपणीची मजुरीही बाजूला काढून ठेवावी, अशी कांदा-उत्पादक वाचकांस आग्रहाची विनंती आहे.