राष्ट्रीय छात्र सेना (कनिष्ठ विभाग)

राष्ट्रीय छात्र सेनेचा कनिष्ठ विभाग हा भारतातील माध्यमिक शाळांमधून चालविला जाणारा स्वेच्छा प्रशिक्षण उपक्रम आहे. व्यवहारात तो ‘एनसीसी’ या नावानेच ओळखला जातो. मुलांच्या तुकड्यांना कनिष्ठ विभाग आणि मुलींच्या तुकड्यांना कनिष्ठ शाखा असे म्हणतात. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या आणि साडेअठरा वर्षांच्या आतील विद्यार्थ्याला यात प्रवेश घेता येतो. प्रशिक्षण दोन वर्षांचे असते. महाराष्ट्रात ते बहुधा इयत्ता आठवी व नववीत पूर्ण केले जाते, म्हणजे दहावीच्या परीक्षेच्या वर्षावर त्याचा भार पडत नाही.

पार्श्वभूमी

विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना लष्करी शिक्षण देण्याची प्रथा ब्रिटिश काळात, १९१७ सालापासून होती. शाळकरी मुलांचा विचार मात्र पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर झाला. १९४८ साली संसदीय कायद्याने राष्ट्रीय छात्र सेना अस्तित्वात आली. प्रारंभी तिची संख्या सुमारे २०,००० होती. १९४९ मध्ये मुलींचा विभाग सुरू झाला, पुढे १९५० मध्ये हवाई दलाची आणि १९५२ मध्ये नौदलाची शाखा जोडली गेली. १९६२ च्या चीन युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयांत एनसीसी सक्तीची करण्यात आली होती. ही सक्ती १९६८ मध्ये मागे घेण्यात आली. संघटनेचे घोषवाक्य ‘एकता और अनुशासन’ असे आहे. नोव्हेंबर महिन्याचा चौथा रविवार एनसीसी दिन म्हणून पाळला जातो.

सैन्यभरतीशी संबंध

एनसीसीत नाव घालणे म्हणजे सैन्यात नाव घालणे, असा समज ग्रामीण भागात अजूनही आढळतो. काही पालक त्यामुळे संमतिपत्रावर सही करण्यास कचरतात, तर काही नेमके याच आशेने मुलांना पाठवितात. दोन्ही समज चुकीचे आहेत. छात्रसैनिकावर केवळ सदस्यत्वामुळे प्रत्यक्ष लष्करी सेवेचे बंधन येत नाही, असे १९४८ च्या कायद्यातच स्पष्ट केलेले आहे. कोविड साथीच्या काळात, २०२० मध्ये, प्रशासनाच्या मदतीसाठी छात्रसैनिकांना बोलावले गेले तेव्हाही १८ वर्षांवरील, वरिष्ठ विभागातील स्वयंसेवकांनाच घेण्यात आले होते. शालेय विद्यार्थी त्यात नव्हते.

एनसीसी आणि सैनिकी शाळा यांतही फरक आहे. १९६१ साली स्थापन झालेली साताऱ्याची सैनिक स्कूल ही निवासी शाळा आहे. छत्रपती संभाजीनगर येथे राज्य शासनाने १९७७ मध्ये सुरू केलेली सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था दहावीनंतर मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी तयार करते. मुलींसाठी अशी संस्था नाशिक येथे आहे. या सर्व ठिकाणी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. एनसीसीत विद्यार्थी आपल्याच शाळेत राहतो आणि नेहमीचा अभ्यास सांभाळून कवायतीला येतो.

प्रशिक्षणाचे स्वरूप

शाळेतील तुकडीची जबाबदारी त्याच शाळेतील एका शिक्षकावर असते. त्याला सहयोगी एनसीसी अधिकारी म्हणतात. त्याची पदे तृतीय अधिकारी, द्वितीय अधिकारी, प्रथम अधिकारी व मुख्य अधिकारी अशी चढत जातात. पुरुष अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण नागपूरजवळील कामठी येथील अकादमीत आणि महिलांचे ग्वाल्हेर येथे होते. याशिवाय ज्या बटालियनशी शाळा जोडलेली असते तेथून सैन्यातील हवालदार किंवा सुभेदार कवायत घेण्यासाठी येतात. विद्यार्थ्यांना खऱ्या सैनिकाची पहिली ओळख बहुतेक वेळा अशीच होते.

पहिले काही आठवडे जवळजवळ संपूर्णपणे कवायतीत जातात. हुकूम हिंदीत असतात. ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ मराठी शाळेतील मुलांना प्रार्थनेच्या वेळेपासून ठाऊक असतात, परंतु ‘दाहिने मुड’, ‘तेज चल’, ‘थम’ यांची सवय व्हावी लागते. त्याच त्या हालचाली पुन्हा पुन्हा करण्याचा कंटाळा येतो आणि गळती होते ती प्रामुख्याने याच टप्प्यावर. पुढे नकाशावाचन, प्रथमोपचार, आरोग्य व स्वच्छता, आपत्ती व्यवस्थापन, समाजसेवा आणि शस्त्रांची ओळख हे विषय येतात. नेमबाजी पॉइंट टू टू (०.२२) बोअरच्या रायफलने, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली होते. अनेकांना तिचे सर्वाधिक आकर्षण असते, प्रत्यक्षात मात्र वाट्याला येणाऱ्या गोळ्या मोजक्याच असतात.

चांगले काम करणाऱ्या छात्रांना लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट अशी पदे मिळतात. पद मिळालेल्या विद्यार्थ्याला आपल्याच वयाच्या मुलांना रांगेत उभे करावे लागते. हे काम दिसते त्याहून अवघड आहे.

भूदल शाखेचा गणवेश खाकी असून टोपीवर लाल तुरा असतो. गणवेशाचा खर्च शासन करते. अलीकडच्या वर्षांत त्यासाठीचा भत्ता छात्राच्या बँक खात्यात जमा केला जातो. त्यामुळे विद्यार्थ्याच्या नावे खाते असणे आणि त्यावरील नाव शाळेच्या नोंदीशी जुळणे आवश्यक ठरते.

शिबिर

वार्षिक प्रशिक्षण शिबिर १० दिवसांचे असते. पहाटे उठणे, शारीरिक कसरत, कवायत, व्याख्याने, सायंकाळी खेळ आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम असा दिनक्रम असतो. ताट स्वतः घासावे लागते, अंथरूण घडी करून ठेवावे लागते. ज्या मुलामुलींनी घराबाहेर कधी मुक्काम केलेला नसतो त्यांना पहिले दोन-तीन दिवस जड जातात. पुढील पातळीवर दिल्लीतील थल सैनिक शिबिर व प्रजासत्ताक दिन शिबिर असते. त्यासाठी बटालियन, गट आणि संचालनालय अशा टप्प्यांनी निवड होते. प्रजासत्ताक दिन शिबिरातील सर्वोत्कृष्ट संचालनालयाला मिळणारा पंतप्रधानांचा ध्वज महाराष्ट्राने २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षे जिंकला.

‘ए’ प्रमाणपत्र

दोन वर्षांच्या अखेरीस लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा होते आणि उत्तीर्ण छात्राला ‘ए’ प्रमाणपत्र मिळते. परीक्षेस बसण्यासाठी दोन्ही वर्षी किमान ७५ टक्के हजेरी आणि एक वार्षिक शिबिर अनिवार्य आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या कॉन्स्टेबल (सामान्य कर्तव्य) भरतीत ‘ए’ प्रमाणपत्रधारकास २ टक्के, ‘बी’ प्रमाणपत्रधारकास ३ टक्के व ‘सी’ प्रमाणपत्रधारकास ५ टक्के अधिक गुण देण्याची तरतूद आहे. सैन्यात अधिकारी होण्यासाठीची एनसीसी विशेष प्रवेश योजना मात्र ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्या पदवीधरांसाठी आहे. तीत लेखी परीक्षा नसते, थेट सेवा निवड मंडळाची मुलाखत असते. ‘बी’ आणि ‘सी’ ही प्रमाणपत्रे महाविद्यालयीन वरिष्ठ विभागात मिळतात. शाळेतील ‘ए’ प्रमाणपत्राचे स्वतःचे वजन त्यामानाने थोडे आहे.

ग्रामीण तालुक्यांतील अडचणी

जालना जिल्ह्यातील घनसावंगी हा गोदावरीकाठचा, कापूस व उसाचा तालुका. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात आहे. एनसीसीच्या रचनेत मराठवाडा औरंगाबाद गट मुख्यालयाच्या कक्षेत येतो. अशा तालुक्यात मुख्य अडचण तुकडीच मिळण्याची असते. शाळेने मागणी केली तरी मंजूर छात्रसंख्या मर्यादित असल्याने अर्ज प्रतीक्षायादीत राहतात. शाळेने स्वतःच खर्च उचलण्याची स्वयंअर्थसहाय्यित योजना आहे, परंतु लहान गावातील शाळेला तो भार पेलणे सोपे नसते. २०२४ मध्ये केंद्र शासनाने तीन लाख छात्रसंख्येची वाढ मंजूर केली असून त्यामुळे देशातील एकूण मंजूर संख्या २० लाखांवर जाणार आहे.

दुसरी अडचण हजेरीची आहे. कवायत शाळेच्या आधी किंवा नंतर होत असल्याने शेवटची एसटी चुकली तर वाडीवस्तीवरील मुलांना, विशेषतः मुलींना, घरी पोहोचणे कठीण होते. बीड व जालना जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि चार-पाच महिन्यांनी परततात. अशा कुटुंबातील मूल आईवडिलांबरोबर गेले तर ७५ टक्के हजेरी शक्य नसते. ते आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहिले तरच त्याची हजेरी भरते आणि ‘ए’ प्रमाणपत्राच्या परीक्षेला त्याचे नाव जाते.