सागवान इथले, खुर्ची कुठली?

लग्नसराई सुरू झाली की यवतमाळ, पुसद, वणी, पांढरकवडा इथल्या फर्निचरच्या दुकानांतून आंदणाचे सामान टेम्पोत चढू लागते. फोमचा सोफासेट, सनमायका लावलेला दिवाण, पत्र्याचे कपाट आणि सगळ्यांच्या वर एकात एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. सागवानासाठी नाव असलेल्या जिल्ह्यातल्या नव्या संसारात सागवान नसते, बांबू नसतो, आणि ज्या कापसावर जिल्हा जगतो त्याच्या पऱ्हाटीचा तर विचारही कोणाच्या मनात येत नाही. याचे कारण विचारले की ‘आपल्याकडे डिझायनर कुठे आहेत’ असे सांगून आपण मोकळे होतो. पण आधुनिक फर्निचरचा दीडशे वर्षांचा इतिहास वेगळेच सांगतो. जगातल्या नावाजलेल्या कल्पक खुर्च्यांपैकी बऱ्याचशा चमत्कारिक आकाराच्या हौसेतून आलेल्या नाहीत. हाताशी असलेला माल, भोवतालचे हवामान आणि बसणाऱ्याचे शरीर यांचा कोणीतरी एकत्र विचार केला, तेव्हा त्या जन्माला आल्या. ही कसोटी मान्य केली, तर यवतमाळने मागे राहावे असे काही कारण उरत नाही.

पहिला पुरावा मिशाएल थोनेट याच्या खुर्चीचा. बीच या झाडाचे लाकूड वाफेवर मऊ करायचे, लोखंडी साच्यात वाकवायचे आणि तसेच वाळू द्यायचे, ही त्याची पद्धत. 1859 साली बाजारात आलेल्या त्याच्या 14 क्रमांकाच्या खुर्चीत लाकडाचे फक्त सहा भाग होते, आणि ते दहा स्क्रू व दोन नटांनी जोडता येत. सुट्या भागांच्या 36 खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावत. 1930 पर्यंत अशा सुमारे 5 कोटी खुर्च्या विकल्या गेल्या, असे सांगितले जाते. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र आणखी एक आहे. थोनेट व्हिएन्नात धंदा करत होता, पण कारखाना काढताना त्याने शहर सोडले. आजच्या चेक प्रजासत्ताकात मोडणाऱ्या मोराव्हियात, कोरिचानी या गावी, बीचच्या जंगलाला लागून त्याने 1856 मध्ये कारखाना उभारला. आसपासच्या खेड्यांतली माणसे, त्यांत बायकाही, या कामात आली. लाकूड शहरात नेण्यापेक्षा कारखाना लाकडाजवळ न्यावा, हा निर्णय त्या खुर्चीच्या वळणाइतकाच कल्पक होता.

पुढच्या शतकातही हेच दिसते. मार्सेल ब्रॉयरला 1925 मध्ये पोलादी नळ्यांची खुर्ची सुचली ती सायकलच्या वाकवलेल्या हँडलवरून. त्या काळात जर्मनीत अखंड पोलादी नळ्या तयार होत होत्या, म्हणून ती करता आली. ती पाहून युरोपभर नळ्यांच्या खुर्च्यांची लाट आली. फिनलंडच्या अल्वार आल्टोने मात्र वेगळा मार्ग धरला. पायमिओ इथल्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामासाठी 1930 च्या सुमारास खुर्ची करताना त्याने विचार केला, की थंड देशातल्या आजारी माणसाच्या अंगाला गार पोलाद नको. त्याने फिनलंडमधल्या बर्चचे लाकूड थरांनी चिकटवून वाकवले आणि पाठीचा कोन असा ठेवला की रोग्याला श्वास घेणे सोपे जावे. अमेरिकेत चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने दुसऱ्या महायुद्धात नौदलासाठी प्लायवूडच्या खपच्या केल्या, मोडलेला पाय आधाराने धरून ठेवणाऱ्या. प्लायवूड दोन्ही दिशांनी कसे वळवायचे हे त्या कामात त्यांना उमगले, आणि युद्ध संपताच त्याच ज्ञानातून त्यांच्या प्लायवूडच्या खुर्च्या झाल्या. या तिघांच्या खुर्च्या दिसायला एकमेकींसारख्या मुळीच नाहीत. सारखी आहे ती विचाराची रीत: आधी माल समजून घ्यायचा, मग माणूस, आणि त्यानंतर आकार.

यावर कोणी म्हणेल, की संग्रहालयांत मिरवणाऱ्या अनेक आधुनिक खुर्च्या बसायच्या लायकीच्या नसतात. तिथे कुठे आले शरीर आणि हवामान? आक्षेप खरा आहे. खेरित रीटव्हेल्डची लाल-निळी खुर्ची सपाट फळ्यांची आहे. तिच्यावर तासभर बसून पाठ सुखावेल, असे तिचे चाहतेही म्हणत नाहीत. पण तिचा उपयोग निराळा होता. साध्या, कापून मिळणाऱ्या फळ्या आणि काठ्यांतून, कोरीवकाम न करता, आसन उभे राहू शकते हे तिने दाखवून दिले. अशा खुर्च्या प्रयोग म्हणून पाहाव्यात, नमुना म्हणून उचलू नयेत. चूक होते ती प्रयोगाचा फक्त आकार उचलणाऱ्यांची. वर्नर पँटॉनची एका तुकड्यात ओतलेली, पाय नसलेली, नागमोडी खुर्ची 1967 मध्ये आली आणि तिच्या छायाचित्रांनी जगाला वेड लावले. पण पुढे वापरलेले प्लास्टिक काळाबरोबर ठिसूळ होऊन खुर्च्या तडकू लागल्या, आणि 1979 मध्ये ते उत्पादन थांबवावे लागले. आकार जिंकला होता, माल हरला होता. पुढे योग्य प्लास्टिक वापरले गेले तेव्हा ती खुर्ची पुन्हा बाजारात आली.

मग आपल्या मांडवातली, ग्रामपंचायतीतली, पानठेल्यासमोरची प्लास्टिकची खुर्ची? तिला नाक मुरडणे सोपे आहे, पण तसे करणे अन्याय ठरेल. फ्रान्सच्या आंरी मासोने याने 1972 मध्ये एका साच्यातून दोन मिनिटांच्या आत बाहेर पडणारी खुर्ची केली, आणि आजची जगभरची प्लास्टिकची खुर्ची त्याच घराण्यातली. ती हलकी आहे, एकात एक बसते, पावसात भिजली तरी बिघडत नाही, आणि पाचसहाशे रुपयांत मिळते. गरिबाघरी आलेल्या पाहुण्याला मानाने बसायला जागा तिने दिली, हे तिचे मोठे श्रेय. तिची मर्यादा आपल्या हवामानात उघडी पडते. यवतमाळच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकची ताकद खातात, आणि अंगणात राहिलेल्या खुर्चीचा पाय एक दिवस अचानक मोडतो. मोडलेला पाय सुतार जोडू शकत नाही, लोहार जोडू शकत नाही. खुर्ची गावात येते, पण तिच्याबरोबर गावात कोणतेही काम येत नाही. स्वस्ताईचा हिशेब करताना ही बाजूही धरायला हवी.

भारतात याची उत्तरे शोधली गेलीच नाहीत असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुरकीच्या नावाने ओळखली जाणारी लष्करी खुर्ची रूढ झाली. चार कातलेले पाय, निमुळत्या टोकांचे आडवे दांडे, कॅनव्हासचे आसन आणि चामड्याचे पट्टे. ना खिळा, ना सरस. सांधे सैल असल्याने ओबडधोबड जमिनीवरही चारही पाय टेकतात, आणि खुर्ची सोडून गुंडाळून नेता येते. डेन्मार्कच्या कोर क्लिंटने 1933 मध्ये केलेली प्रसिद्ध सफारी खुर्ची याच जातीची. 1950 च्या दशकात चंदीगडसाठी पिएर जानरे आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी सागवान व वेताच्या खुर्च्या घडवल्या. उलट्या इंग्रजी व्हीसारखे पाय, जाड सागवान आणि हवा खेळू देणारे वेताचे विणकाम. स्थानिक सुतारांना जमेल अशी रचना. आपण त्या भंगारात काढल्या, परदेशी लिलावांत त्यांना लाखोंची बोली लागली, आणि 2011 मध्ये केंद्र सरकारला त्यांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. सागवान आणि वेत एवढ्या दोन साध्या गोष्टींतून जगाने हेवा करावा असे काही घडू शकते, हे या खुर्च्यांनी सिद्ध केले. किंमत मात्र आपल्याला लिलावाच्या हातोड्याने कळवली.

‘खुर्ची मुळात आपली नव्हेच, आपण जमिनीवर बसणारी माणसे’ असाही एक आक्षेप घेतला जातो. तो अर्धा खरा आहे. विदर्भातल्या घरात बसण्याची साधने पाट, सतरंजी, बाज आणि बंगई. पण यांतल्या बाजेकडे नीट पाहिले तर ती उन्हाळी मुलखातली अत्यंत विचारपूर्वक केलेली रचना ठरते: सुंभाच्या विणीतून खालून हवा येते, अंगाच्या भाराप्रमाणे वीण झुकते, सैल पडली की दावण ओढून पुन्हा ताणता येते, आणि सुंभ तुटला तर घरच्या घरी बदलता येतो. फोम आणि रेक्झिनच्या सोफ्यात यांतला एकही गुण नाही. मे महिन्यात त्यावर बसलेल्याची पाठ घामाने चिकटते. शिवाय गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला जमिनीवरून उठणे अवघड होते, हेही वास्तव आहे. प्रश्न जमीन की खुर्ची असा नाहीच. बाजेचे शहाणपण खुर्चीच्या उंचीवर कसे आणायचे, हा आहे. एखाद्या होतकरू डिझायनरला यवतमाळने द्यावा असा हा पहिला प्रश्न.

त्याला लागणारा माल इथे आहे. विदर्भातला मानवेल बांबू जवळजवळ भरीव असतो, म्हणून टोपली-सूपांच्या पलीकडे जाऊन खुर्चीचा सांगाडा पेलण्याची ताकद त्याच्यात आहे. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी या भागांतल्या कोलाम वस्त्यांत आणि गावोगावच्या बुरडांकडे बांबू फाडण्या-विणण्याचे कसब पिढ्यांचे आहे. कायद्याची मोठी अडचणही कमी झाली: 2017 च्या दुरुस्तीने जंगलाबाहेर वाढवलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. शेजारच्या जिल्ह्यांत वाटही पाडली गेली आहे. मेळघाटात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभे करून कोरकू कारागिरांच्या हाताला फर्निचरचे काम दिले; चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे; मुंबईच्या आयआयटीतल्या डिझाइन केंद्रात प्रा. ए. जी. राव यांनी बांबूवर वर्षानुवर्षे काम केले. ‘बांबूला भुंगा लागतो, दोन वर्षांत पीठ होते’ ही लोकांची तक्रार चुकीची नाही. पण कीड लागते ती बांबूतल्या पिष्टमय पदार्थामुळे. पावसाळ्यानंतर, तो पदार्थ कमी असताना पक्का बांबू तोडला आणि बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवला, तर घराच्या आत तो कितीतरी वर्षे टिकतो. टिकत नाही तो बांबू नव्हे. टिकत नाही ती घाई.

दुसरा माल तर दरवर्षी शेतात जाळला जातो. यवतमाळ हा राज्यातल्या सर्वाधिक कापूस पेऱ्याच्या जिल्ह्यांपैकी एक. इथे चार लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर कापूस असतो, आणि एका हेक्टरातून साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. मुंबईच्या केंद्रीय कपास प्रौद्योगिकी अनुसंधान संस्थेने या पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचे तंत्र केव्हाच विकसित केले आहे. शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी गुलाबी बोंडअळीला आसरा देते, म्हणून ती वेळेवर काढणे शेतीच्याही हिताचे. अडचणी आहेत: पऱ्हाटी वजनाला हलकी आणि आकाराला अवाढव्य, त्यामुळे वाहतूक महाग पडते, आणि साधे पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगते, त्यामुळे पोछा लागणाऱ्या फरशीला ते टेकवून चालत नाही. पहिलीवर उपाय थोनेटचाच: माल कारखान्याकडे न नेता चुरा करण्याचे यंत्र गावाजवळ आणायचे. दुसरीवर उपाय डिझाइनचा: बोर्ड वर, सागाचे किंवा बांबूचे पाय खाली.

आणि सागवान? ‘खरे फर्निचर सागाचेच’ असे मानणाऱ्यांना एवढेच सांगावे, की चांगला साग पक्व व्हायला अनेक दशके लागतात. त्यामुळे जाडजूड दिवाण करणे हा त्याचा सर्वांत उधळा उपयोग. रोपवनाच्या विरळणीत निघणाऱ्या बारीक बल्ल्यांतून खुर्चीचे पाय, दांडे, चौकटी सहज निघतात. खुर्चीला लाकूड थोडे लागते, काम जास्त लागते. जिथे लाकूड मौल्यवान आणि हात रिकामे, त्या जिल्ह्यासाठी याहून योग्य वस्तू शोधून सापडायची नाही.

हे सगळे महाग पडेल, यंत्रावरच्या मालापुढे टिकणार नाही, हा शेवटचा आक्षेप. एकेक नग हाताने घडवला तर तो खराच. म्हणूनच नमुना एक, भाग ठरावीक मापाचे, जोडणी ग्राहकाच्या घरी, हा थोनेटचा धडा घ्यावा लागेल. आणि सुरुवातीची मोठी मागणी घराघरातून येण्याची वाट पाहू नये. ती शाळा, अंगणवाड्या, ग्रामपंचायती आणि दवाखान्यांच्या सरकारी खरेदीतून यावी. आल्टोची खुर्ची आरोग्यधामासाठी आणि जानरेची सरकारी कचेऱ्यांसाठीच झाली होती. जिल्हा परिषदेने पुढच्या खरेदीत निदान काही खुर्च्या तरी इथल्या मालाच्या, इथल्या हातांच्या आणि दुरुस्त होणाऱ्या असाव्यात अशी अट घालून पाहावी. वाचकांनी आपल्या परीने एक करावे: पुढचे फर्निचर घेताना रंग आणि चकाकी पाहण्याआधी दुकानदाराला विचारावे, हे कशाचे आहे, उन्हाळ्यात यावर बसवेल का, आणि मोडले तर गावात कोण दुरुस्त करेल? गिऱ्हाईक हे प्रश्न विचारू लागले, की दुकानदाराला उत्तरे शोधावीच लागतील.