आधी किमो, की आधी ऑपरेशन?
मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग फुफ्फुसात गेला, की घरचे म्हणतात, गाठ दिसतेय तर काढून टाका. डॉक्टरांनी आधी किमो सांगितली तर ती चालढकल वाटते. ताम्हिणी घाटाकडच्या माणसाला उपचारासाठी पुण्याची प्रत्येक खेप म्हणजे बुडालेला रोजगार. त्याची घाई समजण्यासारखी आहे. पण गुदाशयाच्या खालच्या भागातलं रक्त यकृताला टाळून हृदयाकडे आणि तिथून थेट फुफ्फुसात जातं. स्कॅनवर दिसणाऱ्या गाठीशिवाय न दिसणाऱ्या पेशीही त्याच वाटेने आल्या असतील, आणि त्यांच्यापर्यंत सुरी पोचत नाही. म्हणून सरसकट सगळ्यांना आधी किमो द्यावी का? माझ्या मते नाही. यकृतातल्या गाठींसाठी प्रामुख्याने युरोपात ३६४ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना ऑपरेशनच्या आधी सहा आणि नंतर सहा वेळा किमो दिली. त्यांचा आजार उलटायला थोडा जास्त वेळ लागला, पण पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण त्यांच्यात ५१ आणि फक्त ऑपरेशन झालेल्यांत ४८ टक्के, म्हणजे खात्रीने वेगळं म्हणता येईल असं नव्हतं. फुफ्फुसासाठी एवढाही भक्कम पुरावा नाही. यकृताचाच आधार घेतला जातो.

मग थेट ऑपरेशनच का नको? कारण त्याची बाजूही लंगडी आहे. ब्रिटनमधून चाललेल्या ‘पल्मिक’ चाचणीत ९३ रुग्ण होते. गाठी काढलेल्यांचा जगण्याचा मध्यक काळ ३.५ वर्षं, न काढलेल्यांचा ३.८. रुग्ण थोडे असल्याने ऑपरेशन निरुपयोगी ठरत नाही, पण ‘कापलं की सुटलो’ हेही ठरत नाही. पहिल्या उपचारानंतर काही वर्षांनी एकच लहान गाठ आली असेल, तर आधी ऑपरेशन रास्त. गाठी अनेक असतील किंवा काही महिन्यांतच आल्या असतील, तर दोन-तीन महिन्यांची किमो आजाराचा स्वभाव दाखवते. औषध चालू असतानाच नव्या गाठी उगवल्या, तर छाती उघडण्याचा त्रास तरी वाचतो. वाट पाहण्यात गाठ वाढेल ही भीती खोटी नाही, म्हणूनच मधला सीटी स्कॅन चुकवू नये. उलट किमो जास्त काळ चालवणंही बरं नव्हे: त्यातल्या ऑक्झालिप्लॅटिन या औषधाने हातपायांचा बधिरपणा साचत जातो, आणि गाठ स्कॅनवर दिसेनाशी झाली तर सर्जनला ती सापडणंच अवघड होतं.

खेपांचाही हिशेब विचारावा. ‘फॉलफॉक्स’ नावाची किमो दर पंधरवड्याला असते, ४६ तासांच्या पंपासह. ‘केपॉक्स’ या दुसऱ्या प्रकारात तीन आठवड्यांतून एकदा सलाईन आणि चौदा दिवस घरी गोळ्या. दोन्ही प्रत्येकाला चालतातच असं नाही. तेव्हा पहिली किमो घेण्याआधी डॉक्टरांना विचारा: स्कॅन कधी, आणि त्यात काय दिसलं तर ऑपरेशन रद्द करणार?