प्रथम न सोडावयाचें अस्त्र

वाघोलीच्या दगडखाणींजवळ ज्यांनीं दिवस काढले, त्यांना स्फोटक दारूची ओळख करून द्यावयास नको. सुरुंग उडाला कीं क्षणार्धांत खडक फुटतो आणि घरांतील मांडणीवरचीं भांडीं वाजूं लागतात. पुण्याच्या दुसऱ्या टोकास, पाषाणजवळ सुतारवाडी येथें, हाय एनर्जी मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी ही सरकारी प्रयोगशाळा आहे. १९०८ सालीं नैनिताल येथें निघालेल्या एका रसायन-परीक्षकाच्या कचेरीपासून तिचा वंश सुरू होतो. पुण्यास ती १९६० मध्यें आली. अग्निबाणांच्या इंधनाचा तेथें अभ्यास होतो, आणि या इंधनाकडून अपेक्षा असते ती सुरुंगाच्या नेमकी उलट. त्यानें फुटावयाचें नाहीं. ठरलेल्या वेगानें, थराथरानें जळावयाचें.

अमोनियम परक्लोरेटचे स्फटिक, ॲल्युमिनियमची पूड व त्यांना धरून ठेवणारें रबरासारखें द्रव्य यांचा लगदा मळून तो बाणाच्या नळकांड्यांत ओततात व मंद उष्णतेवर घट्ट होऊं देतात. वडी थापतांना आंत हवेचा बुडबुडा राहिला तर सुगरणीचें फारसें बिघडत नाहीं. येथें मात्र आंत चीर राहिली तर जळणारा पृष्ठभाग एकाएकीं वाढतो, दाब अनावर होतो आणि बाण जागच्या जागीं फुटूं शकतो.

आपल्या ‘अग्नी’ची पहिली चाचणी २२ मे १९८९ रोजीं चांदीपूर येथें झाली, तेव्हां त्याच्या वरच्या टप्प्यांत द्रव इंधन होतें. १९ एप्रिल २०१२ रोजीं ओडिशाच्या किनाऱ्यावरून उडालेल्या ‘अग्नि-५’चे तिन्ही टप्पे घन इंधनाचे असून त्याचा पल्ला ५००० किलोमीटरांहून अधिक आहे. हा बदल केवळ सोयीचा नव्हे. अण्वस्त्र आपण प्रथम वापरणार नाहीं, असें भारत सरकारनें ४ जानेवारी २००३ रोजीं जाहीर केलें आहे. जो प्रथम प्रहार करणार, त्याला मुहूर्त निवडतां येतो. ज्यानें तसें न करण्याचें व्रत घेतलें, त्याचें अस्त्र वर्षानुवर्षें पडून राहूनही पहिल्या दिवसाइतकेंच सिद्ध असलें पाहिजे, आणि शत्रूच्या घावांतून वांचलेंही पाहिजे. म्हणून घन इंधन. म्हणून रस्त्यानें हलविण्याजोगी प्रक्षेपक गाडी (या गाड्यांचें काम वाघोलीपासून थोड्याच कोसांवर, दिघीच्या संशोधन संस्थेंत झालें आहे). आणि म्हणूनच २०१६ मध्यें नौदलांत आलेली ‘अरिहंत’ पाणबुडी.

संस्कृतांत हातीं धरून मारावयाचें तें शस्त्र आणि फेंकावयाचें तें अस्त्र. ‘अस्’ म्हणजे फेंकणें. सोडलेलें अस्त्र आवरण्याची विद्या महाभारतांत अर्जुनास होती, अश्वत्थाम्यास नव्हती. आज सर्वच अण्वस्त्रधारी राष्ट्रें अश्वत्थाम्याच्या पंक्तीस बसलेलीं आहेत. अग्नीचें इंधन कांहीं मिनिटांतच संपतें. पुढें तो भिरकावलेल्या दगडासारखा जातो, आणि मग त्याला मागें बोलावणारा कोणी नाहीं.

१६ ऑगस्ट २०१९ रोजीं पोखरण येथें संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनीं, हें धोरण पुढें परिस्थितीवर अवलंबून राहील, असें सुचविलें. प्रस्तुत लेखकास तें रुचलें नाहीं. धाकावर टिकणाऱ्या शांततेंत सीमेच्या दोन्ही बाजूंचीं नांदतीं घरें तारण पडलेलीं असतात. आपलें व्रत संदिग्ध झालें, तर शेजारी भयानेंच आधीं हात उचलील. त्यांतच ११ मार्च २०२४ रोजीं, निरनिराळ्या लक्ष्यांकडे जाणारीं अनेक अस्त्राग्रें बसवून अग्नि-५ ची चाचणी झाली. शत्रूचें बाणनिवारक कवच भेदण्यास हें उपयोगी पडेलही. परंतु त्याच बाणानें शेजाऱ्याचीं अनेक ठाणीं पहिल्याच घावांत उडवितां येतील, हें शेजाऱ्यासही दिसतें. तेव्हां आपल्या शब्दावर त्याचा विश्वास बसावा, याची तजवीज दिल्लीकर काय करणार आहेत?