दिवा विझला म्हणजे दोष गेला काय?

टॅक्सीचे पासिंग जवळ आले की ठाण्या-कल्याणच्या चालकाच्या पोटात गोळा उठतो. गाडी नापास झाली तर दिवसाची कमाई बुडते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा वेळी इंजिनाचा पिवळा दिवा लागला असला, तर "स्कॅनर लावून पुसून देतो" म्हणणारा मिस्त्री देवासारखा वाटतो. दिवा विझतो. पण दोष जातो काय?

हा दिवा लावतो कोण, ते प्रथम पाहू. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बी.एस. ६ चे नियम लागू झाले. या मोटारींतील संगणक धुराशी संबंधित भागांची परीक्षा स्वतःच घेतो. इंजिन मिसिंग करते काय, हे तो सतत पाहतो. परंतु ऑक्सिजन सेन्सर आणि विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिस्ट यांच्या परीक्षेस इंजिन पुरते तापलेले व वेग काही वेळ एकसारखा लागतो.

स्कॅनरने दोष पुसला की पूर्ण झालेल्या परीक्षांची नोंदही पुसली जाते. हजेरीपुस्तकच कोरे झाले, तर पुन्हा पाळी भरल्यावाचून हजेरी कशी लागणार? अमेरिकेतील अनेक राज्यांत तपासनीस गाडीच्या संगणकालाच तार जोडतो आणि परीक्षा अपुऱ्या दिसल्या तर गाडी परत पाठवतो. आपल्याकडे पीयूसीसाठी धुराच्या तोंडात नळी घालतात. बी.एस. ४ व त्यापुढील पेट्रोल मोटारीचे इंजिन मंद चालू असता कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत असावा लागतो. विझलेल्या दिव्याने ती नळी फसत नाही.

मग करावे काय? पासिंगच्या आदल्या संध्याकाळी नव्हे, आठ-दहा दिवस आधी खरी दुरुस्ती करावी. डोंबिवली स्टेशनच्या आखूड फेऱ्यांत किंवा शिळफाट्याच्या कोंडीत परीक्षा पुऱ्या होणे कठीण. रात्रभर उभी असलेली गाडी पहाटे सुरू करावी, दोन-तीन मिनिटे जागीच चालू ठेवावी. मग माजिवड्याहून नाशिक रस्त्याला, वाहतूक मोकळी असता, मर्यादेत राहून दहा-पंधरा मिनिटे एकाच वेगाने न्यावी. मधून पाय उचलून वेग आपोआप उतरू द्यावा. नेमका क्रम कंपनीगणिक बदलतो; म्हणून असे दोन-चार दिवस करावे. दोष गेला असेल, तर लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपणहून विझतो. स्कॅनर लावावा तो पुसण्यासाठी नव्हे, परीक्षा पुऱ्या झाल्या की नाही हे वाचण्यासाठी.

गाडीमालकांनाही एक सांगणे आहे. दुरुस्तीचा खर्च चालकाच्या मजुरीतून कापू नका. कापलात तर तो दिवा पुसणाऱ्याकडेच जाईल. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावतो. आणि स्टँडवर दिवसभर उभा असलेला चालकच तो सर्वांआधी श्वासात घेतो.