तो पडला... आणि परत चढला!

‘अरे, ते सगळं खोटं असतं!’ हे वाक्य ऐकतच आपण रेसलिंग बघत मोठे झालो. पण १९९८च्या ‘किंग ऑफ द रिंग’मधल्या त्या एका मॅचपुढे हे वाक्य जरा अडखळतं...

डब्ल्यूडब्ल्यूएफची कार्ड्स आठवतायत? रँक, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स! अंडरटेकरचं कार्ड ज्याच्या हातात, तो त्या दिवशीचा स्कूलबसचा राजा. आमच्या घरात तो गठ्ठा दादाकडे होता. तो कॉलेजला गेल्यावर वारसाहक्काने माझ्याकडे आला. सोबत काही ज्ञानही आलं. उदाहरणार्थ, अंडरटेकरला सात जीव असतात. किंवा ‘खिलाडियों का खिलाडी’मध्ये (१९९६) अक्षयकुमारने खऱ्याखुऱ्या अंडरटेकरला लोळवलं होतं. (तो अंडरटेकर नव्हताच मुळी. ब्रायन ली नावाचा दुसराच रेसलर होता. सॉरी बॉस, पण हे कुणीतरी सांगायलाच हवं!)

या सगळ्या ज्ञानात एक गोष्ट मात्र शंभर टक्के खरी निघाली. ‘मॅनकाइंडला पिंजऱ्यावरून खाली फेकला होता,’ असं दादा डोळे मोठे करून सांगायचा. २८ जून १९९८ला हे घडलं तेव्हा मी जेमतेम रांगत होते. त्यामुळे तो शो मी बघितला तो बऱ्याच वर्षांनी, लॅपटॉपवर. आणि खरं सांगते, हातातला चहा तसाच गार झाला.

पैसे टाका, तमाशा बघा

‘किंग ऑफ द रिंग’ हा पे-पर-व्ह्यू शो. म्हणजे अमेरिकेत केबलचं बिल वेगळं आणि या एका रात्रीचे पैसे वेगळे. प्रेक्षक पैसे मोजतोय म्हटल्यावर दर वेळी आधीपेक्षा भारी काहीतरी द्यायलाच हवं, हे त्या धंद्याचं साधं गणित. त्यातून तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि डब्ल्यूसीडब्ल्यू या दोन कंपन्यांमध्ये टीआरपीची जबरदस्त मारामारी सुरू होती. (डब्ल्यूडब्ल्यूएफचं डब्ल्यूडब्ल्यूई झालं ते नंतर, २००२मध्ये.)

पिट्सबर्गच्या सिव्हिक अरीनामध्ये त्या रात्री तसं बरंच काही होतं. केन शॅमरॉकने द रॉकला हरवून टूर्नामेंट जिंकली. मेन इव्हेंटमध्ये केनने स्टीव्ह ऑस्टिनकडून चॅम्पियनशिप घेतली आणि दुसऱ्याच रात्री परत गमावली. पण आज यातलं काही कुणाला आठवतं का? लोकांना आठवते ती अंडरटेकर आणि मॅनकाइंडची ‘हेल इन अ सेल’. सगळ्या रिंगवर झाकलेला, छत असलेला, सुमारे १६ फूट उंच जाळीचा पिंजरा.

मॅनकाइंड म्हणजे मिक फोली. ना सिक्स पॅक, ना हिरोसारखा चेहरा. तोंडावर चामड्याचा मास्क आणि मार खाण्याची अफाट तयारी. या प्रकारची पहिली मॅच १९९७मध्ये शॉन मायकल्स आणि अंडरटेकरमध्ये झाली होती आणि ती फारच गाजली होती. आता त्याच्यापेक्षा वरचढ काय करायचं? फोलीने नंतर सांगितलंय, की त्याचा जुना मित्र आणि गुरू टेरी फंक गमतीत म्हणाला, ‘त्याला सांग, तुला वरूनच फेकून दे.’ गंमत फंकने केली, फोलीने ती मनावर घेतली! अंडरटेकरला ही आयडिया अजिबात पसंत नव्हती. त्याच्या स्वतःच्या पायाला तेव्हा फ्रॅक्चर होतं. तरी फोलीने त्याला पटवलंच.

दोनदा पडलेला माणूस

मॅच सुरू होते तीच पिंजऱ्याच्या छतावर. एक-दोन मिनिटांत अंडरटेकर त्याला धरतो आणि खाली भिरकावतो. फोली थेट स्पॅनिश कॉमेंटेटर्सच्या टेबलावर! टेबलाचा चुराडा. कॉमेंट्री करणारा जिम रॉस अक्षरशः किंचाळतो. स्ट्रेचर येतं, खांदा निखळलेल्या फोलीला घेऊन निघतं. संपलं, असं वाटतं.

आणि तो स्ट्रेचरवरून उठतो. चक्क हसत. तसाच परत पिंजऱ्यावर चढतो.

इथपर्यंतचं ठरलेलं होतं, असं म्हणू. पुढचं नव्हतं. अंडरटेकर छतावर त्याला चोकस्लॅम देतो आणि जाळीचा तुकडाच निसटतो. फोली आरपार खाली, रिंगमध्ये. वरची खुर्चीही त्याच्याबरोबर खाली येते आणि तोंडावर आदळते. दात तुटतो, ओठ फाटतो, शुद्ध हरपते. वरून बघणाऱ्या अंडरटेकरला वाटलं, हा गेला. हे त्याने पुढे मुलाखतींत सांगितलंय. तुटलेल्या दाताचा तुकडा फोलीच्या नाकात सापडला.

एवढं होऊनही मॅच चालूच राहते. ड्रॉइंग पिन्स पसरल्या जातात, त्यांच्यावर फोलीच पडतो. शेवटी हरतो. स्ट्रेचर नाकारून चालत बाहेर जातो. वर त्याच रात्री मेन इव्हेंटमध्ये परत हजर!

आपल्याकडे लाल मातीतल्या कुस्तीत कोण चितपट होणार हे आधी कुणालाच माहीत नसतं. इथे निकाल आधीच ठरलेला होता. पण ती जाळी निसटणार हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

टाळ्यांचं बिल

फोलीनेच सांगितल्याप्रमाणे, मालक व्हिन्स मॅकमॅहनने त्याचे मनापासून आभार मानले आणि बजावलं, पुन्हा असलं काही करायचं नाही. ऐकायला किती छान! पण जानेवारी १९९९मध्ये रॉकने त्याचे हात मागे बांधलेले असताना त्याच्या डोक्यात खुर्चीचे अकरा फटके घातले. पुढच्या रांगेत त्याची बायको आणि लहान मुलं बसली होती. मुलं रडत होती. ‘बियाँड द मॅट’ या डॉक्युमेंटरीत ते दिसतं आणि बघवत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात कॅन्सस सिटीतल्या पे-पर-व्ह्यूमध्ये ओवेन हार्ट एंट्रीच्या स्टंटमध्ये सत्तरहून जास्त फुटांवरून कोसळला आणि गेला. शो मात्र चालूच ठेवला गेला.

डोक्यात खुर्ची मारण्यावर डब्ल्यूडब्ल्यूईने बंदी आणली ती थेट २०१०मध्ये.

हे सगळं आपल्याशी संबंधित नाही असं वाटतंय? माझी एक मैत्रीण सलाइन काढून तडक क्लायंट मीटिंगला गेली. सगळ्या टीमने टाळ्या वाजवल्या, ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. पुढच्या महिन्यात ती नुसती तापाने घरी राहिली, तर लगेच ‘तेव्हा तर आली होतीस की!’ म्हणजे झालं काय, की आपण एकदा पिंजऱ्यावरून पडून दाखवलं की १६ फूट हीच नॉर्मल उंची ठरते. टाळ्या वाजवणारे दुष्ट नसतात हो. त्यांना फक्त पुढच्या वेळी जरा जास्त हवं असतं.

फोली स्वतः मात्र यातून हुशारीने बाहेर आला. १९९९मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिलं, तेही हाताने कागदावर, आणि ते न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं. २०१३मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये आला. २०१८मध्ये त्या मॅचला वीस वर्षं झाली, तेव्हा तिच्याच गोष्टी सांगत त्याने स्टेज शोंचा दौरा केला. पडला दोनदा, गोष्ट विकली वीस वर्षं. याला म्हणतात रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंट! पण गुडघे, पाठ आणि डोकं यांचा हिशेब त्या बॅलन्सशीटमध्ये येत नाही.

कधी ही मॅच बघितलीत, तर पहिल्या फेकीनंतर क्लिप बंद करू नका. दुसऱ्यांदा पडल्यावर फोली निपचित असतो, तेव्हा रिंगमध्ये एक म्हातारा धावत येतो. तोच टेरी फंक, गमतीत आयडिया देणारा. तो अंडरटेकरच्या समोर उभा राहतो आणि असा चोकस्लॅम खातो, की पायातले बूट उडतात. का? तर मित्राला श्वास घ्यायला तेवढाच मिनिटभर मिळावा म्हणून.

फंक २०२३मध्ये गेला. त्या रात्रीच्या आठवणींत त्याचं नाव पटकन कुणी घेत नाही. पण ऑफिसमध्ये तुमच्या आजूबाजूला असा एखादा टेरी फंक असेल, तर त्याला आज एक कटिंग पाजाच!